पत्रास उत्तर : लेकीचे जिवाणू आणि गौरीचं जेवण

मागच्या अंकात पीएचडीला प्रवेश घेणाऱ्यांसाठी दोन पानी टिपण लिहिलं होतं. त्यात 'प्रयोगशाळा ही एकट्यानं चालवायची गोष्ट नाही' असं एक वाक्य होतं. बाकी टिपणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, या वाक्यावर मात्र पत्रांचा ढीग आला. त्यातली काही घेते. मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, विद्यार्थी पीएचडीला घेतले, आता निवृत्त आहे. त्यामुळे कुणाची भीडभाड ठेवायचं कारण उरलेलं नाही.

माझी मुलगी पुण्याला विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते. चौथं वर्ष चालू आहे. यंदा गौरीच्या जेवणाला आली नाही, 'रीडिंग आहेत' म्हणाली. दिवसभर ती करते तरी काय? आणि हे संपणार कधी? नातेवाईक विचारतात तेव्हा मला काही सांगता येत नाही.
– एक आई, विटा

ताई, फ्लास्कमध्ये पिवळसर पातळ मीडियम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, असतं. त्यात ती थोडे जिवाणू सोडते आणि फ्लास्क शेकरवर (सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) लावते. ई. कोलायसारखा जिवाणू मनासारखं खायला मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून दर अर्ध्या तासाला थोडं द्रावण काढायचं, ते किती गढूळ झालं ते यंत्रावर बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. हे झालं रीडिंग. सकाळी आठला सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत जागचं हलता येत नाही. मधली दोन रीडिंग चुकली तर आलेखाला भगदाड पडतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. सगळेच जिवाणू असे घाईचे नसतात. क्षयरोगाचा जिवाणू एकदा दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास घेतो, त्याची वसाहत, म्हणजे एकत्र वाढलेला ठिपका, प्लेटवर नुसत्या डोळ्यांना दिसायची तर तीन-चार आठवडे थांबावं लागतं, कधी त्याहून जास्त. तुमच्या मुलीचे जिवाणू यातले कुठले ते तिला विचारा. चौथ्या वर्षाचा अर्धा उलगडा तिथेच होईल.

उरलेल्या दिवसात काय? मीडियम वजन करून बनवायचं, ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लावायचं, १२१ अंश आणि १५ पौंड दाबावर पंधरा-वीस मिनिटं. मग ते हाताला सोसवेल इतपत निवलं की प्लेटमध्ये ओतायचं. फार गरम ओतलं तर झाकणाला पाणी सुटतं, फार थांबलं तर आगर (मीडियम घट्ट करणारा पदार्थ) फ्लास्कमध्येच गोठतं. लॅमिनारसमोर (गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटासमोर) बसून एकेका प्लेटवर तारेनं रेघा ओढायच्या. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडायचा आणि बघायचं, आपण लावलेलं उगवलंय की बुरशी आलीय. हे सगळं करून हातात येतो एक आकडा. तो तीनदा तसाच यावा लागतो. तिसऱ्यांदा तो तसा येत नाही, तेव्हा मुली आईचा फोन उचलत नाहीत. मनावर घेऊ नका.

संपण्याबद्दल सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, फक्त एकूण दहाच्या वर जायचं नाही. शिवाय बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण 'लग्न केलं तर पीएचडी बुडते' असं सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. तिला हा आकडा ऐकवा.

टप्पे असे येतात: आधी कोर्सवर्क, मग दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण, प्रबंध देण्याआधीचा सेमिनार, मग प्रबंध, बाहेरच्या निदान दोन परीक्षकांचे अहवाल आणि शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत सगळं उरकावं असं नियम म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते मुलीच्या सिनियर सांगतील, चहा पाजला तर सविस्तर सांगतील.

राहता राहिली गौर. तिला एकच विचारा: 'तुझ्याऐवजी रीडिंग घेणारं कुणी आहे का गं?' चांगल्या गटात सणांच्या पाळ्या लागलेल्या असतात. दिवाळीत विदर्भातली मुलगी घरी जाते तेव्हा तिच्या प्लेट दुसरा कुणी बघतो, आणि ईदला तो गेला की त्याचे फ्लास्क ती सांभाळते. आमच्याकडे याची यादी फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलेली असायची. तिच्या लॅबमध्ये अशी यादी असूनही ती आली नाही, तर प्रयोग खरंच अवघड जागी आलेला आहे. यादीच नसेल, तर पुढच्या सुट्टीत तिला हे उत्तर वाचायला द्या.

सून रोगजंतूंवर काम करते. घरात दोन वर्षांची नात. ही आल्याआल्या तिला कडेवर घेते. मी बोलले की वाद होतो.
– एक आजी, डोंबिवली

आजी, हात धुतल्याशिवाय नातीला घ्यायचं नाही हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा, लोकलच्या दांड्याला लोंबकळून येणाऱ्या मुलालासुद्धा. मग वाद होणार नाही. विद्यापीठातलं बरंचसं काम जिवाणूंच्या निरुपद्रवी वाणांवर चालतं. खऱ्या रोगजंतूंवरचं काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या कॅबिनेटमध्ये करायचं असतं आणि ॲप्रन लॅबमध्येच ठेवून यायचं असतं. सुनेला एकच गोष्ट विचारा, तीही गोडीत: 'तुझा मोबाईल तिथल्या टेबलावर असतो का?' हातमोजे घातलेल्या हातानं फोन उचलणारे मी भरपूर पाहिलेत, त्यात गाईडही होते. आणि तिच्या ओढणीला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला तर घाबरू नका. तो स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा वास असतो. आपल्या परसातल्या मातीतही तेच असतात, आणि स्ट्रेप्टोमायसिन आपल्याला त्यांच्यापासूनच मिळालं.

एमएस्सी झालो, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली. दोन ठिकाणी होकार आहे. एक सर खूप नावाजलेले, गटात पंधराएक जण. दुसऱ्या मॅडम नवीन, गटात दोघंच. कुठे जाऊ?
– एक विद्यार्थी, नांदेड

अभिनंदन. आता गाईडचं नाव थोडा वेळ बाजूला ठेव आणि दोन्ही लॅबमध्ये एकेक दिवस नुसता बसून ये. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ पीएचडी विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. म्हणजे पंधरा जणांत प्रोजेक्टवाले असतील, पोस्टडॉक (पीएचडी झालेले संशोधक) असतील. तुला रोज शिकवणार कोण, सर की तिसऱ्या वर्षाचा सिनियर, हे तिथे बसल्यावर कळतं. सिनियर शिकवत असेल तर त्यात वाईट काही नाही, पण मग तो सिनियर कसा आहे ते बघ.

एक काम हमखास कर. उणे ८० अंशांचा फ्रीझर दाखवा म्हणावं. तो उघडला की पांढरी वाफ खाली उतरते, मग डबे दिसतात, डब्यात चौकोनी खण आणि खणांत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या. प्रत्येक नळीत ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला एकेक वाण. आता नळीवरचं लिखाण वाच. वाणाचा क्रमांक, तारीख आणि कुणी गोठवला त्याची आद्याक्षरं, एवढं तरी हवं. साध्या मार्करनं लिहिलेलं असेल तर स्पिरिट लागलेल्या बोटानं ते पुसलं जातं आणि नळीवर उरतो निळा डाग. डागांनी भरलेला डबा म्हणजे कुणाची तरी पाच वर्षं निनावी होऊन पडलेली असतात. मग स्टॉकची वही माग. वही अद्ययावत असेल आणि सोडून गेलेल्या मुलांच्या नळ्या आजची मुलं नावानिशी काढून देत असतील, तर दोघांचा असो की पंधरांचा, तो गट चालतोय. 'वही सरांच्या केबिनमध्ये आहे, सर दौऱ्यावर आहेत' असं उत्तर आलं तर चहा घे आणि ये निघून.

दुसरं म्हणजे विभागाच्या ग्रंथालयात त्या गाईडचे जुने प्रबंध बघ. आत ऋणनिर्देश असतो. तो सगळेच गोड लिहितात, पण त्यात सहकाऱ्यांची नावं किती मनापासून आलीत ते कळतं. मग त्यातल्या एखाद्याला फोन कर. गाईडकडून नंबर घेऊ नकोस, गाईड त्याच्या आवडत्याचाच देईल.

पैशाचं स्पष्ट बोलते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी एसआरएफ (तिचीच वरची पायरी) झालं की ४२,०००. आकडा चांगला आहे. तो दर महिन्याच्या एक तारखेला खात्यावर दिसेल असं धरून खोली भाड्यानं घेऊ नकोस. महिनोन्‌महिने अडकल्याची पत्रं माझ्याकडे दर अंकाला येतात. काही महिन्यांची सोय करून जा आणि दोन्ही गटांतल्या मुलांना विचार, फेलोशिप तुंबली तेव्हा मेसचे पैसे कुणी भरले? याचं उत्तर देताना मुलं गाईडबद्दल खरं बोलतात.

लेखांमधल्या नावांचा क्रम पहिल्याच महिन्यात विचारून घे. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे अशी आयोगाची सक्ती २०२२च्या नियमांत राहिलेली नाही, पण तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो बघ. सक्ती असो नसो, छापल्याशिवाय पुढे कुणी उभं करत नाही.

तू मला निवडायला सांगितलंस म्हणून: दोन्हीकडे फ्रीझर नीट निघाला, तर मी मॅडमकडे गेले असते. नव्या गटात ऑटोक्लेव्ह दुरुस्तीपासून ग्रँटच्या हिशेबापर्यंत सगळं अंगावर पडतं, आणि पुढे स्वतःची लॅब उभी करायची वेळ आली की तेच उपयोगी येतं. पण ही माझी आवड झाली.

भाचा अमेरिकेत ऑस्टिनला असतो. तो म्हणतो, तिथल्या विद्यापीठात १९८८ पासून एकच प्रयोग रोज चालू आहे. त्याच त्या जिवाणूंना रोज नवं खाद्य द्यायचं, बस्स. याला संशोधन म्हणायचं?
– एक निवृत्त अभियंता, नागपूर

म्हणायचं. आणि माझं ऐकाल तर भाच्याला त्या लॅबच्या दारापर्यंत तरी जाऊन यायला सांगा.

रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ला कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात एकाच ई. कोलायपासून बारा फ्लास्क लावले. पुढे ते मिशिगनला गेले, फ्लास्कही गेले. प्रत्येकात दहा मिलिलिटर मीडियम, आणि त्यात ग्लुकोज अगदी बेताचं. दुसऱ्या दिवशी त्यातलं ०.१ मिलि काढून ९.९ मिलि ताज्या मीडियममध्ये सोडायचं. रोजचं विरजणच म्हणा ना. एका दिवसात जिवाणूंच्या साधारण साडेसहा पिढ्या होतात, ७५ दिवसांत ५००, आणि दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. २०१० मध्ये ५०,००० पिढ्या झाल्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर हे साडेबारा लाख वर्षांचं काम झालं.

एक बारकावा तुम्हाला अभियंता म्हणून आवडेल. बारातल्या सहा गटांच्या वसाहती एका विशिष्ट प्लेटवर लाल येतात, उरलेल्या सहांच्या पांढऱ्या. नवं मीडियम देताना लाल, पांढरा, लाल, पांढरा असा क्रम लावतात. शेजारच्या फ्लास्कमधलं चुकून उडालं तर चुकीच्या रंगाची वसाहत चुगली करते. दशकानुदशकं वेगवेगळ्या हातांनी करायच्या कामात माणसाच्या काळजीपूर्वकपणावर विसंबून चालत नाही, व्यवस्थाच अशी हवी.

आता मौजेची गोष्ट. आपल्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, ई. कोलाय सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खातो का त्या चाचणीला काय दाखवतो? 'निगेटिव्ह' म्हणेल. प्रॅक्टिकलला नळीतलं हिरवं मीडियम हिरवंच राहतं, क्लेबसिएला या दुसऱ्या जिवाणूची नळी निळी होते, तसं जर्नलमध्ये लिहायचं आणि सही घ्यायची. हवा असताना ई. कोलाय सायट्रेट खात नाही, ही त्याची ओळखच आहे. लेन्स्कींच्या मीडियममध्ये सायट्रेट पहिल्या दिवसापासून भरपूर होतं आणि कुणी त्याला तोंड लावत नव्हतं. २००३ मध्ये एक फ्लास्क भलताच गढूळ दिसला. सगळ्यांच्या मनात आलं ते कुठल्याही लॅबमध्ये पहिल्यांदा येतं तेच: कंटॅमिनेशन, बाहेरचं काहीतरी आत शिरलं. तपासलं तर जिवाणू त्यांचाच निघाला. साडेएकतीस हजार पिढ्यांच्या आसपास तो सायट्रेट खायला शिकला होता.

इथे गोठवलेल्या नळ्या कामी आल्या. झॅकरी ब्लाउंट नावाच्या विद्यार्थ्यानं त्याच गटाच्या जुन्या पिढ्या बाहेर काढून पुन्हा वाढवल्या. अगदी जुन्यांना ते काही साधेना. साधारण वीस हजारांच्या पुढच्या पिढ्यांमधून मात्र सायट्रेट खाणारे पुन्हा निघाले. म्हणजे शेवटच्या बदलाच्या बऱ्याच आधी कुठला तरी पाया पडलेला होता. २००८ मध्ये हे छापून आलं. ज्या दिवशी ती सुरुवातीची नळी कुणी गोठवली, त्या दिवशी त्या माणसाला आपण काय करतोय याची गंधवार्ताही नव्हती. शनिवार असेल, पाळी त्याची असेल, घरी जायची घाई असेल.

२०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे बारा फ्लास्क गोठवून ठेवले, नंतर पुन्हा सुरू केले. २०२२ मध्ये लेन्स्कींनी प्रयोग जेफ्री बॅरिक यांच्या स्वाधीन केला आणि तो तुमच्या भाच्याच्या गावात आला. बॅरिक पूर्वी लेन्स्कींच्याच लॅबमध्ये काम करत होते. आपल्याकडे गाईड निवृत्त झाला की खोलीला कुलूप लागतं आणि फ्रीझरचा प्लग कुणी काढला याची चौकशी होते. त्याबद्दल शेवटच्या पत्रात बोलते.

माझे वडील एका महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होते. निवृत्तीला मुलांनी सांगितलं, अनेक प्रबंधांच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव आहे. घरात याचं फार कौतुक. मला मात्र वाटतं, आभाराच्या ओळीपलीकडे त्यांना काय मिळालं?
– एक मुलगा, कोल्हापूर

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याच्यावर गोड मलम लावणार नाही.

आमच्याकडे मीडिया रूममध्ये एक मामा होते. त्यांचं खरं नाव विभागात निम्म्यांना ठाऊक नव्हतं. जुना उभा ऑटोक्लेव्ह होता, प्रेशरचा काटा कधीच बिघडलेला. मामा वाफेच्या आवाजावरून सांगायचे, हवा सगळी बाहेर गेली की नाही. हवा अडकली तर काटा १५ पौंड दाखवतो पण आतलं तापमान १२१ला पोचत नाही, हे आम्ही वर्गात सूत्रानं शिकवायचो. पहिल्या वर्षाच्या मुलींना कापसाचे बोळे करायलाही तेच शिकवायचे: पाणी न शोषणारा कापूस, घट्ट गुंडाळी, फ्लास्कच्या तोंडातून ओढताना 'टप्' असा आवाज आला पाहिजे. बोळा सैल असेल तर काही न बोलता उपसून पुन्हा हातात द्यायचे.

हातानं काम करणाऱ्यांचं नाव मागे राहायचं, ही जुनी रीत आहे आणि चांगली नाही. ज्या आगरवर जगभरचे जिवाणू वाढतात, ते सुचवलं फॅनी हेसे यांनी. त्यांचे पती वॉल्टर हेसे जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जिलेटिनच्या प्लेट उन्हाळ्यात वितळायच्या. घरी जेली बनवताना फॅनी आगर वापरत, जावाकडची ही माहिती त्यांना ओळखीच्यांकडून मिळाली होती. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयरोगाच्या जिवाणूबद्दल लिहिलं, त्यात आगरचा उल्लेख केला, हेसे दांपत्याचा नाही. पुढे १८८७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या पेट्रींनी झाकणाची बशी केली, तिला मात्र आजवर त्यांचं नाव आहे.

वडिलांना जे मिळायला हवं होतं ते वेळेवर पदोन्नती, हातमोजे, वाफेपासून संरक्षण, आणि त्यांच्या हातचं ज्ञान कुणीतरी लिहून घेणं. पहिल्या तिन्हींची वेळ गेली. चौथं अजून करता येईल. एक दुपार बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि ऑटोक्लेव्ह कसा चालवायचा ते सुरुवातीपासून विचारा. विभागाला पाठवून द्या. ते ऐकणारं कुणी निघेल, मला खात्री आहे.

लोणारपासून जवळ शाळेत विज्ञान शिकवतो. २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हापासून मुलांना जिवाणूंचं वेड लागलंय. विचारतात, नवा जिवाणू सापडला तर गावाचं नाव देतील का?
– एक शिक्षक, बुलडाणा जिल्हा

दिलंय की! हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या गटानं लोणारमधून एक जिवाणू वेगळा केला, त्याचं नाव सेसेम्बिया लोनारेन्सिस. पहिलं नाव संस्थेच्या आद्याक्षरांवरून, दुसरं तुमच्या सरोवरावरून. मुलांना फळ्यावर लिहून द्या.

स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा रिवाज आहे. आणि सापडला म्हणजे झालं असंही नाही. तो एकटा, शुद्ध वाढवता यायला हवा. त्याचा एक ठरावीक जनुक ओळखीच्या जिवाणूंशी ताडून बघतात, ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य आलं की लॅबमध्ये कुजबुज सुरू होते. मग दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत त्याची जिवंत प्रत जमा करावी लागते. कुणीही मागवून तपासू शकेल, यासाठी ही सोय.

आपल्याकडचं झकास उदाहरण फुग्याचं आहे. २००५ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. मोहिमेचे प्रमुख होते आपले जयंत नारळीकर. नमुन्यांची तपासणी सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस ही संस्था, दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाली. तीन नव्या प्रजाती निघाल्या. त्यांना नावं मिळाली खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून. २००९ मध्ये ते जाहीर झालं. हे जीव अवकाशातून आले असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा गटानंही केला नाही. पुढे इस्रोच्या नावाचा जिवाणू दुसऱ्या वंशात हलवला गेला, आर्यभटांचा जुन्याच एका प्रजातीत मोडतो असं दिसून आलं. मुलांना हेही सांगा. त्यांना वाईट वाटेल, वाटू द्या.

सरोवर अभयारण्यात आहे, परवानगीशिवाय नमुने काढू नका. शाळेत विनोग्राड्स्कीची बाटली करा. पारदर्शक बाटलीत तळ्याकाठचा नाही तर ओढ्याचा चिखल, थोडे कागदाचे कपटे, एका अंड्याचा पिवळा बलक, वर पाणी. झाकण सैल ठेवून खिडकीत उजेडाला ठेवा. दीड-दोन महिन्यांत हिरवे, जांभळे, गंजासारखे पट्टे उमटतात. मुलांना दर सोमवारी चित्र काढायला लावा. आणि बाटली वर्गात उघडू नका, वासानं मुख्याध्यापक येतील.

आमच्या मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. आम्ही जुने विद्यार्थी मिळून मोठा समारंभ करतोय. चांदीचं मानपत्र द्यावं की प्रवासाची तिकिटं?
– जुने विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

शाल-श्रीफळ द्या, मानपत्र साधं छापा, जेवणात एकच गोड ठेवा. उरलेल्या पैशांत मॅडमचा फ्रीझर वाचवा.

तुम्ही सगळ्यांनी मिळून किती वाण वेगळे केलेत त्याची यादी कुणाकडे आहे? नसणार. आता एकेकानं आपला प्रबंध काढा आणि आपले वाण, कुठल्या मातीतून, कुठल्या साली, कोणत्या क्रमांकानं, हे एका तक्त्यात भरा. ज्यांची अजून प्लेटवर वाढ होते ते ताजे गोठवा. जे छापून आलेत ते पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या संग्रहांत जमा करण्याची चौकशी आत्ताच करा. त्यांचे अर्ज असतात, वाण शुद्ध आहे का ते तपासतात, वेळ लागतो. समारंभाच्या आदल्या महिन्यात सुचून उपयोग नाही. विभागप्रमुखांकडून लेखी घ्या की फ्रीझर कुणाच्या ताब्यात राहणार आणि त्याच्या विजेच्या जोडणीला हात कुणी लावायचा नाही. तोंडी आश्वासन घेऊ नका, विभागप्रमुख बदलत असतात.

तुमच्यातले जे आता बँकेत किंवा औषध कंपनीत आहेत आणि ज्यांना पिपेट धरवत नाही, त्यांनी लेबलं छापायचं काम घ्यावं. गोठलेल्या नळीला चिकटून राहणारी वेगळी लेबलं मिळतात, स्टेशनरीच्या दुकानातली आणू नका, सुटून पडतात. जाड हातमोजे घाला, आणि दार एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नका.

मॅडमना आधी सांगायचं की अचानक दाखवायचं, हे तुम्हीच ठरवा. मला वाटतं आधी सांगा, कारण जुन्या वहीतलं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागणार नाही.